गादीवरचं दुसरं हृदय

‘गादीवर दुसऱ्या व्यक्तीचे ठोके आढळले. ताल अनियमित आहे. नोंद ठेवायची की वगळायची?’

तीन फेब्रुवारीला सकाळी केतकीच्या फोनवर हे आलं तेव्हा तिच्या मांडीवर चौदा महिन्यांची गिजू होती, गिजूच्या तोंडात नाचणीची पेज होती आणि त्यातली निम्मी केतकीच्या बाहीवर सांडली होती. फोनचा आवाज ऐकताच केतकी दचकली. वाचण्याआधी तिनं गिजूच्या छातीकडे पाहिलं. ती वरखाली होत होती. मग तिनं वाचलं. दुसरी व्यक्ती म्हणजे नागमणीअक्का, आणखी कोण? सासूबाईंना टेकवून बसवायला अक्का गादीवर चढल्या असतील, यंत्राला त्यांचे ठोके ऐकू आले असतील. केतकीनं अंगठ्यानं ‘वगळा’ दाबलं. त्याखाली बारीक अक्षरांत एक चौकोन होता, ‘यापुढे विचारू नये.’ तिनं त्यावरही खूण केली आणि पुढचा चमचा भरला.

याला चार सेकंद लागले असतील. पुढे या चार सेकंदांनी तिचा पिच्छा सोडला नाही.

तशी केतकी दुर्लक्ष करणाऱ्यातली नव्हतीच. सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तिच्याइतकं सावध कोणी नव्हतं. विजेच्या प्रत्येक भोकाला झाकण, कपाटांच्या कोपऱ्यांना रबर, द्राक्षाचे उभे चार तुकडे. गिजू झोपली की ती नाकाखाली बोट धरून श्वास लागतोय ना ते बघायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा येऊन बघायची. नवरा श्रीशैल चेष्टेनं म्हणायचा, तुला सीमेवर पाठवलं असतं तर देशाची चिंता मिटली असती. ती बी.फार्म. झालेली, घरूनच एका औषध कंपनीची कागदपत्रं तपासायची. एखाद्या गोळीच्या दुष्परिणामांच्या यादीत एक शब्द गळला तरी तिला दिसायचा.

म्हणूनच तिनं त्या गाद्या घेतल्या होत्या. खरं तर गाद्या नव्हेत, गादीखाली अंथरायचा चादरीएवढा पातळ थर. एक गिजूच्या पाळण्यात, एक सासूबाईंच्या पलंगावर. हृदय प्रत्येक ठोक्याला रक्त जोरानं वर फेकतं, तेव्हा बंदुकीचा बार उडाल्यावर खांद्याला बसतो तसा धक्का अख्ख्या देहाला मागे बसतो. तो इतका हलका असतो की आपला आपल्याला कळत नाही. पण त्या थरावर एवढासा दाब पडला तरी त्यात विजेची बारीक लहर उठते. त्या लहरींतून संगणक ठोके वेगळे काढतो, श्वास वेगळा काढतो, कुशीवर वळणं वेगळं काढतो. अंगाला ना तार, ना चिकटपट्टी. चालीवरून माणूस ओळखावा तसं धक्क्याच्या घाटावरून ते हृदय कोणाचं हेही त्याला ओळखता येतं. एका गादीवर दोघं असले तर तो दोघांचे ठोके निरनिराळे करतो. ठीक असेल तर फोनवर हिरवा ठिपका, नसेल तर तो आवाज.

तो आवाजच केतकीला सोसत नव्हता. पाळण्याचा आणि पलंगाचा आवाज एकच होता. वाजला की ती हातातलं टाकून आधी पाळण्याकडे धावायची. आवाज जेवढे कमी तेवढं बरं, एवढाच विचार त्या दिवशी तिच्या मनात होता. विचार तरी कसला, अंगठ्याची सवय.

नागमणी बत्तुल त्या घरात आठ महिन्यांपूर्वी आल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, दणकट. विडी घरकुल या कामगारांच्या वसाहतीत राहायच्या. तरुणपणी विड्या वळलेल्या, त्यामुळे बोटं अजून चपळ. सासूबाईंना, म्हणजे महानंदाबाईंना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा, आणि काही हवं असलं की त्या तो पलंगाच्या दांडीवर आपटायच्या. श्रीशैल आईला अव्वा म्हणायचा, म्हणून अक्काही अव्वाच म्हणू लागल्या.

अक्कांना पाठवलं होतं ‘सेवाछाया’ नावाच्या कंपनीनं. कंपनीनं घरात उचलायचं यंत्रही दिलं होतं, कापडी झोळीचं. पण झोळी वर जायला लागली की अव्वांचे डोळे पांढरे व्हायचे. दोन दिवस बघून अक्कांनी ते यंत्र भिंतीला लावून ठेवलं, त्यावर ओले टॉवेल वाळत घातले, आणि आपली पद्धत सुरू केली. त्या पलंगावर चढून अव्वांच्या मागे बसायच्या, दोन्ही पाय दोन बाजूंना सोडायच्या आणि अव्वांची पाठ आपल्या छातीला टेकवून घ्यायच्या.

“अव्वा, तुमची खुर्ची आली बगा,” म्हणायच्या. “हातापायाची खुर्ची. दुकानात मिळत नाई.”

अशा बसवल्या की अव्वांना घास नीट गिळता यायचा. आठ महिन्यांत एकदाही ठसका लागला नाही.

आणखी एक रीत होती त्यांची. आल्या की आधी अंगावरचं टोचेल असं सगळं उतरवायचं. दोन पितळी बांगड्या, अंगठी आणि कंपनीचा मनगटातला बँड. सगळं बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात. बँड कामाच्या वेळात काढायचा नाही असा कंपनीचा नियम होता. तो नाडी मोजायचा, हजेरी लावायचा. केतकीनं एकदा आठवण केली तेव्हा अक्कांनी अव्वांचं मनगट तिच्यासमोर धरलं.

“वैनी, ही कातडी बगा. कांद्याचं वरचं साल. त्या बँडची कड लागली की फाटतंय. मग जखम भरायला महिना. डब्यात ऱ्हाऊ दे त्याला.”

त्या अंघोळ घालून, भरवून, कूस बदलून झाली की चहापुरता बँड बांधायच्या. बँडच्या लेखी नाडी लागत नाही तेवढा वेळ माणूस विश्रांतीला गेलेला असतो. म्हणजे अक्का जेव्हा सगळ्यात जास्त राबायच्या, तेव्हा कंपनीच्या कागदावर त्या आराम करत असायच्या. हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मार्चच्या अखेरीस लिफ्ट बंद होती. अक्का जिना चढून आल्या आणि दारातच थोड्या टेकल्या. केतकीनं पाणी दिलं.

“छातीत पाखरू फडफडायलंय बगा,” अक्का हसून म्हणाल्या. “बसलं की गप होतंय, उठलं की परत सुरू.”

“दुखतंय का? हातात वगैरे कळ?”

“दुखत नाई ओ. नुसतं पाखरू.”

केतकीनं विचारलं, सकाळी काही खाल्लं का. अक्कांनी काल रात्रीची आमटी सांगितली. केतकीनं पित्ताची गोळी दिली आणि जेवणाआधी घ्यायला सांगितलं. अक्कांनी ती पदराच्या टोकात बांधली. तेवढ्यात आतून अव्वांचा हात दांडीवर आपटला, आणि दोघी आपापल्या कामाला लागल्या.

बी.फार्म. झालेल्या केतकीला हे पाखरू ठाऊक असायला हवं होतं. हृदयाचे वरचे दोन कप्पे तालात आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात, त्याचं हे वर्णन तिनं पुस्तकात वाचलं होतं. तसं झालं की कप्प्यांत रक्त साचून राहतं, साचलेल्याची गुठळी होते, आणि एखाद्या दिवशी ती सुटून मेंदूकडे जाते. ते वेळेत कळलं तर रक्त पातळ ठेवणारी रोजची साधी गोळी पुरते. त्याच गोळीची कागदपत्रं तिनं त्या महिन्यात दोनदा तपासली होती.

एकवीस एप्रिलला केतकीनं आठ वाजता दार उघडलं, अक्का आत आल्या, डबा वाजल्याचा आवाज झाला. औषध कंपनीला दुपारपर्यंत एक मोठी फाइल द्यायची होती, म्हणून केतकी गिजूला घेऊन आपल्या खोलीत बसली. गिजू या खोलीतून त्या खोलीत धावत होती. सव्वाअकराच्या सुमाराला अव्वांचा हात दांडीवर आपटू लागला. रोजच आपटायचा. अक्का बघतील, असं म्हणून केतकी वाचत राहिली. आवाज थांबेना तेव्हा तिनं फोन पाहिला. अव्वांचा ठिपका हिरवा. गिजू अव्वांच्या खोलीकडे पळाली होती. केतकीनं उठून दार लोटून घेतलं, म्हणजे लक्ष लागेल.

थोड्या वेळानं गिजू दार ढकलून आली. तिच्या हातात अक्कांचा भरवायचा चमचा होता.

“अक्का निनी,” ती म्हणाली.

केतकी धावली. अक्का अव्वांच्या मागे बसलेल्या तशाच होत्या, पण डोकं भिंतीला टेकून एका बाजूला कललेलं, तोंड वाकडं झालेलं, उजवा हात गादीवर निर्जीव पडलेला. डाव्या हातानं मात्र त्यांनी अव्वांना पोटापाशी घट्ट धरून ठेवलं होतं. अव्वा सुरक्षित होत्या. त्यांचा हात दांडीवर आपटून आपटून सुजला होता.

रुग्णवाहिका येऊन दवाखान्यात पोचेपर्यंत पावणेएक झाला. डॉक्टरांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. उशीर झाला तर तेच औषध मेंदूत रक्तस्राव करतं. स्कॅनवरून वेळ नक्की सांगता येत नव्हती.

“आठ वाजता,” केतकी म्हणाली.

“मध्ये बोलणं ऐकलं? आवाज?”

केतकी आठवू लागली. अक्का तर दिवसभर बोलतच असायच्या, अव्वांशी, गिजूशी, भांड्यांशी. खुर्ची आली बगा, हे आज ऐकलं की काल? तिला सांगता येईना. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. आठापासून पावणेपाच तास झाले होते. इंजेक्शन दिलं गेलं नाही.

झटक्याची खरी वेळ एका ठिकाणी मिनिटासकट नोंदलेली होती. केतकीच्या हातात तो फोन होता. तिला त्या घटकेला सुचलं नाही.

अक्का वाचल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. थेट अव्वांसारखं.

पहिली मे उजाडली त्या दिवशी अक्कांची मुलगी श्रीलता घरी आली. टॉवेलच्या कारखान्यात मशिनवर काम करणारी, बारीक, कमी बोलणारी. तिला बस म्हटलं तरी ती उभीच राहिली. तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. घरोघरी सेवा करणाऱ्यांसाठी दोन वर्षांमागे जो कायदा झाला, त्याप्रमाणे कामामुळे आजार झाला असं त्यासाठी नेमलेल्या मंडळानं मान्य केलं तर घरी येऊन व्यायाम देणारा आणि दिवसभर बघणारं माणूस मिळतं, वर्षभर. पण ‘सेवाछाया’चे ढोबळे सर म्हणतात की अकरा वाजता बँडवर नाडी नव्हती. मनगटावर बँड नाही म्हणजे माणूस कामावर नाही. शिवाय आजार आधीपासून होता आणि बाईंनी लपवला. सेविकांच्या संघटनेनं अर्ज केलाय, चार जूनला सुनावणी आहे.

“डॉक्टर म्हणतात पहिले तीन महिने व्यायाम झाला तर जीभ वळंल. मी कामाला गेले की आई एकलीच असती,” श्रीलता म्हणाली. मग जमिनीकडे बघत, “तुमी एवढंच लिहून द्या, वैनी, की ती त्या वेळेला काम करत होती. अव्वांना तर बोलता येत नाई.”

केतकी म्हणाली, नक्की देते. श्रीलता गेल्यावर तिला ‘वगळा’ आठवलं.

फोनवर गादीच्या यंत्राच्या खिडकीत शोधत शोधत ती एका कोपऱ्यात पोचली. ‘वगळलेल्या नोंदी.’ वर सूचना होती, की या नोंदी नव्वद दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. खाली तीन फेब्रुवारीपासूनचे दिवस ओळीनं होते. दर दिवसात पाचसहा वेळा दुसरं हृदय गादीवर आलेलं. फेब्रुवारीत ताल मधूनच चुके. मार्चमध्ये दर वेळी. एप्रिलमध्ये रेघ इतकी वेडीवाकडी की शिकाऊ पोरालाही कळावी. प्रत्येक नोंदीपुढे तांबडी खूण, ‘वैद्यकीय तपासणी सुचवली आहे’, आणि त्यापुढे, ‘वापरकर्त्याच्या सूचनेनुसार कळवले नाही’.

दोन्ही रेघा एकमेकींखाली होत्या, वर अव्वांची, खाली अक्कांची. दुसरे ठोके पाठीशी आले की पहिल्या हृदयाची गती मिनिटाला दहाबारानं उतरायची. रोज, न चुकता. अव्वांना कोणती खुर्ची मिळाली होती ते त्या रेघेत दिसत होतं.

एकवीस एप्रिल. अकरा वाजून दहा मिनिटांनी खालची रेघ एकदम उसळली, मग विस्कटली. वरची चढत चढत एकशे आठवर गेली. आवाज वाजायची हद्द एकशे वीस होती. अव्वा घाबरल्या होत्या, पण हद्दीत घाबरल्या होत्या. अकरा अठ्ठेचाळीसपर्यंत तसंच. अडतीस मिनिटं.

श्रीशैल घरी आल्यावर तिनं त्याला दाखवलं. त्यानं एकेक दिवस सरकवत यादी पाहिली.

“साधं पत्र दे,” तो शेवटी म्हणाला. “त्या कामावर होत्या, एवढं. हे द्यायची गरज नाही.”

तिनं विचारलं, नुसतं पत्र ढोबळे मानतील का? त्यांच्याकडे यंत्राचा आकडा आहे. पत्राला ते म्हणतील, बाईला ओळखीचं वाटलं, लिहून दिलं.

“आणि यात काय दिसतंय ते तुला दिसत नाही का? आजाराची सूचना आपल्या घरात आली आणि आपण दाबून टाकली. उद्या कंपनीच्या जागी आपण उभे राहू, केतकी. तू राहशील. गिजू लहान आहे, अव्वा अशी.” त्यानं आवाज खाली आणला. “तुला काहीच करायचं नाहीये. खोटं बोलायचं नाही, पुसायचंही नाही. फक्त थांब.”

खरंच, फक्त थांबायचं होतं. चार मेला तीन फेब्रुवारीची नोंद गेली. केतकीनं खिडकी उघडून पाहिलं तर यादी चार फेब्रुवारीपासून सुरू होत होती. जिथे तिनं ते बटण दाबलं होतं, तो दिवसच आता नव्हता. तिला कबूल करायला लाज वाटली, पण छातीवरचं ओझं किंचित हललं. दुसऱ्या दिवशी आणखी एक दिवस गेला. मग आणखी एक. ती रोज सकाळी बघायची, गिजूच्या नाकाखाली बोट धरल्यासारखं, पण उलट्या आशेनं.

या दिवसांत अव्वांचं सगळं तीच करत होती. कंपनीनं दुसरी बाई पाठवली नव्हती. झोळीच्या यंत्रावरचे टॉवेल तिनं काढले, अव्वांचे डोळे पांढरे झाले, तिनं टॉवेल परत घातले. आठ वाजले की अव्वा मान वळवून दाराकडे बघायच्या. साडेआठपर्यंत बघायच्या.

बारा मेला खालच्या मजल्यावरच्या बाईंना अव्वांपाशी बसवून केतकी गिजूला कडेवर घेऊन विडी घरकुलात गेली. श्रीलता कामावर होती, शेजारीण मधूनमधून डोकावून जायची. पुढच्या खोलीत अक्का उताण्या पडल्या होत्या. उशाशी पेजेची वाटी, झाकलेली. शेजारणीनं सांगितलं, भरवायला गेलं की ठसका लागतोय, निम्मं बाहेरच येतंय. आठ दिवसांत दोनदा ताप येऊन गेलाय.

अक्कांनी केतकीला ओळखलं. गिजूला बघून तोंडाची चांगली बाजू हसली.

केतकीनं गिजूला खाली ठेवलं. काय करायचं ते तिला ठाऊक होतं, आठ महिने दारातून पाहिलं होतं. ती पलंगावर चढली, मागे बसली, पाय दोन बाजूंना सोडले आणि अक्कांच्या काखेखाली हात घातले. तेवढ्यात अक्कांचा डावा हात हलला. तो चाचपडत केतकीच्या मनगटावर आला आणि घड्याळाचा पट्टा ओढू लागला. केतकीला आधी कळेना. वेळ विचारतात का? अक्कांचं बोट पट्ट्याच्या कडेवरून फिरलं, मग आपल्या दंडाकडे गेलं. तिथे काखेपाशी लाल ओरखडा उठला होता. आताच, तिच्या घड्याळानं.

केतकीनं घड्याळ काढलं. हात थांबला नाही, म्हणून बांगड्या काढल्या. मग अंगठी. सगळं निघाल्यावर अक्कांचा हात शांत झाला. ज्यांना आता एक शब्द बोलता येत नव्हता, त्यांनी तिला कामाचा पहिला धडा देऊन ठेवला.

तिनं त्यांची पाठ छातीला टेकवून घेतली. पाठीतून ठोके येत होते. दोन जवळजवळ, मग मोठा खंड, मग घाईनं तीन. पाखरू. हे ऐकायला कुठलं यंत्र लागत नव्हतं. आठ महिन्यांत एकदा मनगटावर दोन बोटं ठेवली असती तरी पुरलं असतं.

“खुर्ची आली बघा, अक्का,” ती म्हणाली. अक्का सगळी पेज प्यायल्या. ठसका लागला नाही.

त्याच दुपारी तिनं उरलेल्या सगळ्या नोंदी संघटनेला पाठवल्या. सोबत एक पान हातानं लिहिलं, कारण तीन फेब्रुवारी आता कुठेच नव्हता आणि तो तिलाच सांगावा लागणार होता. संध्याकाळी श्रीशैलला सांगितलं. पुढचे सतरा दिवस तो कामापुरतं बोलला.

सुनावणीला ढोबळे आले होते. सभ्य, थकलेला माणूस. त्यांनी कंपनीची पानं वाचून दाखवली. नागमणी बत्तुल रोज सरासरी सहा तास विश्रांतीत असत. मग मंडळाच्या बाईंनी पलंगाच्या नोंदी बँडच्या नोंदींवर ठेवल्या. ज्या ज्या वेळी बँड म्हणत होता विश्रांती, त्या त्या वेळी दुसरं हृदय अव्वांच्या पाठीशी होतं. श्रीलता खिडकीतून बाहेर बघत होती.

“ही सूचना तुम्हाला आली होती आणि तुम्ही ती स्वतः वगळली?” ढोबळेंनी केतकीला विचारलं.

“हो.”

“किती वेळा?”

“एकदाच. पुढे विचारू नको असं मीच सांगितलं होतं.”

मंडळानं आजार कामातला मानला. केतकीच्या घराला लेखी ताकीद मिळाली, आणि ‘सेवाछाया’नं त्यांचं नाव आपल्या यादीतून काढून टाकलं. श्रीशैलला ज्याची भीती होती त्यातलं थोडं झालं, थोडं झालं नाही. व्यायाम देणारी मुलगी अक्कांच्या घरी पहिल्यांदा गेली ती अठरा जूनला. डॉक्टरांनी सांगितलेल्या तीन महिन्यांतले दोन तोवर सरले होते. अक्कांचा पाय थोडा उचलू लागला. जीभ वळली नाही. केतकी दर रविवारी जाते. घड्याळ घरी ठेवून जाते. अक्का तिच्याकडे बघून हसतात, आणि त्या हसण्यात माफी आहे की नुसती ओळख, हे तिला विचारता येत नाही आणि त्यांना सांगता येत नाही.

गादीच्या कंपनीनं पुढच्या सुधारणेत सूचनेचे शब्द बदलले. आता तिथे ‘भेट देणाऱ्या व्यक्तीचे ठोके’ असं येतं. चौकोन तसाच आहे.

जुलैत संघटनेकडून अव्वांसाठी नवी बाई आली, मेहरुन्निसा नावाची. आत येऊन तिनं आधी अंगठी काढली. केतकीनं तिला खुर्ची दिली, बसा म्हणाली आणि हात मागितला. मेहरुन्निसाला वाटलं, अंगठीबद्दल काही शंका आहे. केतकीनं तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं. पलंगावरून अव्वा बघत होत्या. ठोके सरळ होते, एकामागून एक.

त्या दिवशी गिजू झोपल्यावर केतकीनं गादी वापरणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर थोडं लिहिलं. ते अजून तिथे आहे.

‘तुमच्याही घरी कोणी येत असेल. आईला उठवून बसवायला, वडिलांना न्हाऊ घालायला, किंवा तुमच्या बाळाला सांभाळायला. तुमचा ठिपका हिरवा आहे तो तिच्यामुळे. तिचा ठिपका कुठेच नाही. उद्या ती आली की कामाला हात लावायच्या आधी तिला बसवा. जिना चढून दम लागला का, झोप लागते का, छातीत काही होतं का, विचारा. ती म्हणेल, काही नाही. एवढ्यावर उठू नका. दुसऱ्यांदा विचारा.’